शत्रूपक्षाचे घरमालक

आमच्या घरमालकांना मी रविवारी अकोल्याला गोळी लागून मरताना पाहिलं, आणि सोमवारी सकाळी अमरावतीला त्यांनीच मला दार उघडलं. तोंडात दातवण होतं. मी पिशवी हातात धरून तशीच उभी.

"काहून बाई, अशा काहून पाहून राह्यल्या?"

"काल तुमी मेले ना," मी म्हटलं.

पोरगा मॅट्रिक झाल्याची तार आली तरी बापाचा चेहरा उजळणार नाही एवढा त्यांचा उजळला. दातवण अंगणात फेकून ते आत धावले. "अवो, ऐकलं का? अकोल्याले लागला पिच्चर. बाईनं पाह्यलं मले मरताना." आतून काकूंनी भांडं आपटल्याचा आवाज आला. त्यांना या मरणाचं कौतुक कधीच नव्हतं.

त्यांच्याकडे मी चार वर्षं भाड्याने राहिले. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा खोली शोधत फिरत होते. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली होती. माझं आडनाव ऐकलं की घरमालकांना आठवायचं की खोली कालच कोणाला तरी दिली आहे. चार घरी असं झालं. पाचवं घर यांचं. यांनी आडनाव विचारलंच नाही. दारातच घाऱ्या डोळ्यांनी मला न्याहाळत म्हणाले, "पिच्चर पाहता?"

"पाहते."

"रडाचे का मारधाडीचे?"

"मारधाडीचे."

"मंग सामान आना." एवढ्यावर खोली मिळाली. आयुष्यात माझी मुलाखत इतकी छान कुठेच झाली नाही.

ते जंगल खात्यात नाकेदार होते. नोकरीतली वीस वर्षं त्यांनी मेळघाटात, एका दरीच्या काठावरच्या नाक्यावर काढली होती. रंग गोरापान, डोळे घारे, भुवया तांबूस. नवखा माणूस त्यांना कोणी साहेब समजून सलाम ठोकायचा, आणि ते "काय गा, कुठचा तू?" म्हणाले की ठोकलेला हात खाली घ्यायचा. मेळघाटात संध्याकाळनंतर करायला काही नसतं. तिथून ते पेन्शनीत अमरावतीला आले आणि उपाशी माणूस पंगतीला बसावा तसे सिनेमाला बसले. रडण्याच्या सिनेमांना ते जात नसत. "रडाले पैसे काहून द्याचे? घरी बसून होते ते काम," म्हणायचे. त्यांना हवा असायचा हेर, खलिता, पूल, गुहा आणि परदेशी माणूस.

परदेशी माणूस हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. माझ्या खोलीच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. सिनेमा पाहून आले की ते चपला बाहेर काढून आत यायचे आणि नकाशासमोर उभे राहायचे. "बाई, आजचा परदेशी कुठचा असन?" मी विचारायची, काय काय होतं त्याच्यात. "चौकटीचा कोट. खुर्ची गोल फिरे. आपल्याच मानसाले गोई घाले अन हासे." मी सांगायची की काका, असा देश नकाशात नाही. ते मान हलवायचे. "असन. छापाचा राह्यला असन."

हळूहळू त्यांनी परदेशी माणसाची लक्षणं पक्की केली होती. परदेशी माणूस पाणी पीत नाही. त्याला नाव नसतं, नंबर असतो. दार असलं तरी तो भिंतीतून येतो. त्याची बायको त्याची बायको नसते. पण त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य वेगळं होतं. "परदेशी मानसाले घर नसते, बाई. अड्डा असते. इतके पिच्चर पाह्यले, पन एक बी परदेशी भाकर खाताना नाई पाह्यला." मी हसायची. काकू चुलीपुढून म्हणायच्या, "म्हनूनच तो एवढा चिडते."

असा हा माणूस स्वतःच परदेशी कसा झाला, ते त्यांनी मला निदान तीस वेळा सांगितलं असेल. मुंबईची एक कंपनी चिखलदऱ्याला शूटिंगला आली होती. दरी, जुना किल्ला, धुकं, म्हणजे शत्रूच्या सरहद्दीला लागतं ते सगळं तिथे फुकटात. जंगलाची माहिती असलेला माणूस हवा म्हणून खात्याने या पेन्शनर नाकेदाराला बोलावलं. शत्रूच्या अड्ड्यातला वायरलेसवाला मुंबईहून यायचा होता, तो घाटात गाडी लागून असा आजारी पडला की बंगल्यातून बाहेरच येईना. डायरेक्टरने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर काकांच्या डोळ्यांवर थांबली.

त्यांना चौकटीचा कोट चढवला, कानाला यंत्र लावलं. डायरेक्टर म्हणाला, "दूर के आदमी को पुकारना है. कुछ भी बोलो, लेकिन यहाँ की ज़बान नहीं चाहिए." काका काहीतरी बोलले. डायरेक्टरने उडीच मारली. "कमाल है! किसी को मत बताना ये कौन-सी ज़बान है." मग हिरो आला आणि त्याने यांना गोळी घातली. तीनदा घातली, कारण पहिल्या दोन वेळी काका पडताना कोट खराब होऊ नये म्हणून हात टेकवत होते. कोट शेवटी त्यांनाच मिळाला.

"पन बोलले काय तुमी?" मी विचारायची.

"ते सांगाचं नाई. शब्द देल्ला हाय म्या." काकू तोंडाला पदर लावून आत जायच्या. त्यांना ठाऊक होतं हे उघड होतं, पण नवऱ्याचं गुपित त्यांनी कधी फोडलं नाही.

तर तो सिनेमा अमरावतीच्या आधी अकोल्याला लागला. मी सुट्टीला जठारपेठेत घरी गेले होते. आईला घेऊन पाहायला गेले. शत्रूच्या अड्ड्यात भिंतीवर एक मोठा नकाशा होता आणि त्यावर लाल बाण. सगळं टॉकीज श्वास रोखून तो बाण पाहत होतं. मी भूगोलाची बाई, मला दुसरंच दिसलं. तो डाकबंगल्यातला अमरावती जिल्ह्याचा नकाशा होता, उलटा टांगलेला. शत्रूची पहिली चढाई थेट शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांवर होणार होती आणि दुसरी अंजनगाव सुर्जीवर. मग पडदाभर काकांचे घारे डोळे आले. ते वायरलेसमध्ये काहीतरी लांबलचक ओरडले आणि कान देऊन थांबले. झुडपात लपलेल्या हिरोला जगातल्या सगळ्या भाषा येत असल्यामुळे तो हिरॉइनच्या कानात म्हणाला, "ये कह रहा है, कल पुल उड़ा दिया जाएगा." पुढच्या क्षणी काका ठार.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीने. आईने नाही वाजवल्या. घरी आल्यावर म्हणाली, "तुह्या घरमालकाले म्या वयखलं. खोली सोड."

"आई, तो पिच्चर होता."

"पिच्चर असो का काही असो. त्याचे डोये पाह्यले म्या. पूल उडोनाऱ्याच्या घरी पोरीनं राहाचं नाई." शेवटी काकूंच्या हातची भाकर कशी असते ते मी तिला सांगितलं, तेव्हा कुठे गाडीत बसू दिलं.

अमरावतीला तो सिनेमा आला तो नेमका लढाईच्या दिवसांत. खिडक्यांना काळे कागद, चौकाचौकात रेडिओभोवती माणसं, आणि आकाशातून छत्रीने शत्रू उतरतात अशा बातम्या. खऱ्या बातम्या थोड्या आणि चघळणारे फार. अशात आमच्या काकांची चलती झाली. टॉकीजच्या मॅनेजरने त्यांना कायमचा पास दिला आणि खेळाआधी दारात खुर्ची टाकून बसवलं, चौकटीच्या कोटासकट. भर उन्हात तो कोट म्हणजे शिक्षाच होती, पण ती त्यांनी हसत भोगली. लोक म्हणायचे, "काका, शत्रूचं बोला ना थोडं." ते आधी नाही म्हणायचे, मग डोळे बारीक करून दोन वाक्यं टाकायचे. बायाबापड्या मागे सरायच्या. न्हावी त्यांना विचारायचा, तिकडे लढाईबद्दल काय म्हणतात. ते वर पाहून म्हणायचे, "तिकडे गडबड हाय."

वीस वर्षं ज्या माणसाचं बोलणं ऐकायला दरीशिवाय कोणी नव्हतं, त्याच्या दोन वाक्यांसाठी आता गाव थांबत होतं. मी त्यांची थट्टा करायची, पण मला ते सुख दिसत होतं. काकू रोज त्यांच्याबरोबर खेळाला जायच्या आणि गोळी सुटायच्या आधी बरोबर उठून बाहेर यायच्या. नऊ वेळा सिनेमा पाहिला, नवरा एकदाही मेला नाही.

एके दिवशी शाळा सुटून मी घरी येऊन बसले होते. एक शिपाई घाईघाईने आला. बस स्टँडवर शत्रूचे दोन हेर पकडलेत, म्हणाला. खाकी कोट आहे, पत्र्याचा बंद डबा आहे, आणि आपसात शत्रूची भाषा बोलतात. सिनेमात काका बोलतात तीच, शंभर लोकांनी ओळखली. शिवाय त्यातला म्हातारा मोडक्या मराठीत विचारत होता, गोळी घातलेल्या साहेबाचं घर कुठे आहे. "हवालदारसाहेबानं तुमाले बलावलं. इथं ते भाषा तुमालेच येते."

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग कोट घातला, भुवयांवरून हात फिरवला आणि निघाले. काकू म्हणाल्या, "बाई, तुमी जा संगं. मले याइचा भरोसा नाई." मी निघाले. रस्त्यात माणसं जोडली जात होती. चौकीपर्यंत आमची मिरवणूकच झाली. काका छाती काढून पुढे चालत होते. सरकारला त्यांची गरज पडली होती.

चौकीसमोरच्या लिंबाखाली दोन माणसं उकिडवी बसवली होती. एक म्हातारा, एक तरणा. तरण्याचा ओठ फुटला होता. डबा वीस पावलं दूर ठेवून त्याभोवती वाळूची पोती रचली होती. म्हाताऱ्याच्या अंगावर जंगल खात्याचा जुना खाकी कोट, आणि त्याचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं. काकांचा चालता पाय तिथेच थांबला. म्हाताऱ्याने वर पाहिलं, तोंड वासलं आणि त्याच भाषेत काहीतरी ओरडत तो उठायला लागला. शिपायाने त्याला खांदा धरून खाली दाबलं.

"काय म्हंते?" हवालदाराने विचारलं.

गर्दी पुढे सरकली. मी काकांच्या अगदी बाजूला होते. त्यांच्या कपाळावरचा घाम कोटाच्या कॉलरवर उतरत होता. आता एक वाक्य बोललं की दारातली खुर्ची गेली, पास गेला, न्हाव्याचा प्रश्न गेला. शत्रूचा सगळा दरारा गेला. आणि नाही बोललं तर हे दोघं कुठे जातील ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"म्हंते, साहेब, तू मेला नाई तं," काका म्हणाले. "हा सोमजी हाय. कोरकू. माह्या नाक्यासमोर दरीपल्याडच्या वस्तीवरचा, ढान्यावरचा. तो त्याचा जावई. अन त्याच्या आंगावरचा कोट माहा हाय."

"कोरकू हाय तं शत्रूची भाषा कशी बोलते?"

"शत्रूची नाई ते भाषा, हवालदारसाहेब. शत्रूच याइची भाषा बोलला. अन तो शत्रू मी होतो."

हवालदाराला ते पचायला वेळ लागला. "मंग पूल उडवाचं कोन बोललं?"

"ते हिरो बोलला. म्या फकस्त इचारलं, सोमजी, म्हशी घरी आल्या का."

आधी मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग हसणं पुढे सरकत आलं आणि सगळा रस्ता हसायला लागला. पूल, गुहा, लाल बाण, सगळ्यावर म्हशी फिरल्या. काका मध्ये उभे, चौकटीच्या कोटात, घाऱ्या डोळ्यांनी जमिनीकडे पाहत. मग ते पोती ओलांडून गेले आणि डब्याचं फडकं सोडलं. गर्दी मागे पळाली. काकांनी आत बोट बुडवून चाटलं आणि तेच बोट पुन्हा बुडवून हवालदाराच्या पुढे धरलं. तो मध होता. हवालदाराने खाकीचा आब जाऊ नये म्हणून थोडा वेळ गंभीर राहून मग चाटलं.

मेळघाटातली माणसं अमरावतीच्या बाजारात मी रोज पाहत होते. सगळेच पाहत होते. पण त्यांचं बोलणं कोणी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते सिनेमात, आणि तेही शत्रूच्या तोंडून. मला त्या हसणाऱ्या गर्दीचा राग आला, आणि टॉकीजमध्ये मीही टाळ्या वाजवल्या होत्या हे आठवून माझाही आला.

घरी काकूंनी चौघांना ताटं वाढली. तेव्हा कळलं ते असं. आठवडी बाजारात कोणीतरी अमरावतीला सिनेमा पाहून आलेला सांगत होता, तुमच्या नाकेदार साहेबाला अमरावतीत गोळी घातली, मी डोळ्यांनी पाहिलं. सोमजी दोन दिवस जेवला नाही. मग काकूंना भेटायला म्हणून मध काढला, साहेबाने दिलेला कोट घातला आणि जावयाला घेऊन आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये बसला.

काकांचा घास हातातच होता. "बाई," ते म्हणाले, "त्यायनं मले दूरच्या मानसाले हाक मार म्हनलं. माह्यापाशी दूरचा मानूस एकच होता. रोज दिवस बुडताना दरीच्या काठावर उभा राहून मी याले तेच इचारो. ते म्या पिच्चरले देऊन टाकलं. अन मंग खुर्चीत बसून मजा पाह्यली." तरण्याच्या फुटलेल्या ओठाला तिखट झोंबत होतं. काकूंनी त्याच्या ताटात दूध ओतलं. काका त्याच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "परदेशी भाकर खाऊन राह्यला, बाई. पाहून घ्या."

दुसऱ्या दिवशी सोमजीने हट्टच धरला. साहेब मेला कसा ते त्याला पाहायचं होतं. काका तयार नव्हते. "लोक हासतीन." काकू म्हणाल्या, "हासू द्या. ओठ तं नाई ना फुटत तुमचा." रविवार होता. आम्ही पाच जण तीनच्या खेळाला गेलो. दारातली खुर्ची मॅनेजरने आत नेऊन ठेवली होती. काकांनी पास दाखवला नाही, रांगेत उभं राहून तिकिटं काढली आणि सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसले, मान खाली घालून.

गावात बातमी फिरली होतीच. काका पडद्यावर आले तसं मागून कोणीतरी ओरडलं, "विचारा, विचारा." टॉकीज हसून फुटत होतं. पडद्यावरच्या काकांनी यंत्र तोंडाशी धरलं, विचारलं, आणि उत्तरासाठी कान देऊन थांबले.

सोमजी बाकावर उभा राहिला. त्याने सिनेमा कधी पाहिला नव्हता. उत्तर कोणी देत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दोन्ही हातांचा द्रोण तोंडाभोवती धरला आणि दरी भरून जाईल अशा आवाजात, सावकाश, एकेक शब्द लांबवत, पडद्याला उत्तर दिलं. हसणं थांबलं. एवढ्या मोठ्या टॉकीजमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते.

"काय म्हनले ते?" मी हळूच विचारलं.

काकांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "आल्या म्हंते, बाई. सगळ्या आल्या. अन इचारते, तू कधी येतं."

गोळी सुटायची वेळ झाली होती. मी काकूंकडे पाहिलं, त्या उठल्या नव्हत्या. काका मात्र उठले. बाकावर चढले, हातांचा द्रोण केला आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या सोमजीला डोंगरापलीकडे असल्यासारखं ओरडून उत्तर देऊ लागले. समोर पडद्यावर ते तेव्हा मरत होते, पण तिकडे कोणी पाहत नव्हतं.